जपानी शिकताना इंग्रजी जरा बाजूला ठेवा

घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हटलं की आजी टोकायची, “येतो म्हणावं.” जपानी माणूस दारात बूट चढवताना म्हणतो ‘इत्तेकिमासु’. शब्दशः अर्थ ‘जाऊन येतो’. आतून कुणीतरी ओरडतं ‘इत्तेराश्शाई’, म्हणजे ‘जाऊन या’. मला मात्र क्लासमध्ये हे ‘आय ॲम लीव्हिंग’ असं शिकवलं गेलं. मी ते इमानदारीत पाठ केलं, आणि आजीचं वाक्य आठवायला मला दोन वर्षं लागली.

पुण्यात दुभाषी आणि भाषांतरकार म्हणून काम करताना नवे विद्यार्थी सारखे भेटतात. कुणी आयटीतले, कुणी चाकण-रांजणगावच्या कारखान्यांतले, कुणी नुकतेच पदवीधर. सगळ्यांची पुस्तकं इंग्रजी, ॲप इंग्रजी, वहीतल्या नोंदी इंग्रजी. आणि डोकं मराठी. मराठीतून जपानीकडे जाणारा रस्ता सरळ असताना ही मंडळी लंडनला वळसा घालून तोक्योला निघालेली असतात. शून्यापासून सुरू करून वर्ष-दीड वर्षात कामापुरती भाषा हातात यावी, अशी घाई असलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी ठरवा: किती आणि कशासाठी

जपानी भाषेची सर्वमान्य परीक्षा म्हणजे जेएलपीटी. १९८४ पासून ती होते, आणि २०१० पासून तिच्या पाच पातळ्या आहेत. एन५ सर्वांत सोपी, एन१ सर्वांत अवघड. परीक्षा बहुतेक वेळा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. पुण्यात केंद्र आहे.

जुन्या परीक्षेच्या काळात तासांचा एक ढोबळ अंदाज दिला जायचा. सर्वांत खालच्या पातळीला १५० तास, त्यावरच्या पातळीला ३००, मग ६०० आणि सर्वांत वरच्या पातळीला ९००. आजच्या हिशेबात पहिल्या दोन म्हणजे साधारण एन५ आणि एन४. रोज तीन तास धरले तर ३०० तास कागदावर शंभर दिवसांत होतात. प्रत्यक्षात पाच महिने धरा, कारण मध्ये गणपती येतात, लग्नं येतात, ऑफिसची डेडलाइन येते. वरच्या पातळ्यांचे आकडे तर मला फारच आशावादी वाटतात. चिनी किंवा कोरियन विद्यार्थ्याला ते जमत असतील, आपण दीडपट धरावेत.

आता कशासाठी, त्याचा हिशेब. जपानमध्ये ‘तोकुतेइ गिनो’ या कुशल कामगारांच्या व्हिसावर जायचं असेल (हा व्हिसा एप्रिल २०१९ पासून सुरू झाला, वृद्धसेवा, शेती, हॉटेल, बांधकाम वगैरे क्षेत्रांसाठी आहे) तर एन४ किंवा जेएफटी-बेसिक ही संगणकावरची परीक्षा पास व्हावी लागते, शिवाय त्या त्या कामाची कौशल्य परीक्षा. वृद्धसेवेला आणखी एक वेगळी भाषा परीक्षा आहे. आयटीत किंवा कारखान्यात दुभाषी, समन्वयक म्हणून काम हवं असेल तर जाहिरातीत बहुधा एन३ किंवा एन२ मागतात. फक्त आवड म्हणून शिकत असाल तर परीक्षा देऊ नका असं मी म्हणणार नाही. फॉर्मचे पैसे भरले की माणूस अभ्यासाला बसतो.

पहिले पंधरा दिवस: काना

जपानीत तीन लिप्या एकत्र नांदतात: हिरागाना, काताकाना आणि कांजी (चिनीतून आलेली अर्थचिन्हं). पहिल्या दोन ध्वनिलिप्या, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं. पंधरा दिवसांत दोन्ही व्हायला हव्यात. एका महिन्याच्या वर लागला तर समजा की वेळ कमी पडतोय.

भिंतीवर तक्ता लावा आणि ओळी मोठ्यानं वाचा: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचं वाटतंय? ही आपली वर्णमालाच आहे. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी शिकलेल्या सिद्धम् लिपीच्या क्रमावरून हा क्रम बसवला गेला. कंठ्य ‘का’, मग चवर्गाच्या जागी ‘सा’, मग ‘ता-ना’, पवर्गाच्या जागी ‘हा’ (जुन्या काळी त्याचा उच्चार ‘पा’च्या जवळचा होता), मग ‘मा’, आणि शेवटी आपलं य-र-व. इंग्रजी माध्यमातले विद्यार्थी हा क्रम घोकतात. तुम्हाला तो बालवाडीपासून येतो.

उच्चारातही मराठीचा मोठा फायदा आहे. ‘त्सु’ या अक्षरावर हिंदीभाषक मुलं महिना घालवतात. आपल्याला ‘चूक’ म्हणता येतं ना? त्यातला ‘चू’ म्हणजेच तो. ‘चिंच’मधला ‘चि’ वेगळा, आणि जपानीतही ‘चि’ वेगळाच आहे. तेच ‘जुना’ आणि ‘जीव’ यांतल्या दोन ‘ज’चं. ‘फु’ मात्र दात ओठावर न टेकवता म्हणायचा, दिव्यावर फुंकर मारल्यासारखा.

वहीत सुरुवातीला देवनागरीत उच्चार लिहिले तरी चालतील, रोमनपेक्षा कधीही बरे. पण तिसऱ्या आठवड्यात ही कुबडी टाकून द्या. कारण आपल्याकडे लांब ‘आ’ आणि आखूड ‘आ’ असा भेद नाही, आणि जपानीत त्यावर अर्थ ठरतो. ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशी, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. चाळिशीतल्या बाईला आजी म्हणायचं नसेल तर मात्रा मोजायला शिका. कारखान्यात ‘नात्तो’ म्हणजे बोल्टाला लावायचा नट, आणि शेवटचा स्वर लांबवला की आंबवलेले, तार सुटणारे सोयाबीन. चुटक्या वाजवत शब्द म्हणायची सवय लावा, एका मात्रेला एक चुटकी. घरचे हसतील, हसू द्या.

व्याकरण: मराठी वाक्य ठेवा, शब्द बदला

सगळ्यात जास्त वेळ मी या पायरीवर देणार आहे, कारण इथेच इंग्रजीतून शिकणारे सहा महिने वाया घालवतात.

वाक्याचा क्रम आपलाच. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. विभक्तीचे प्रत्यय आपल्यासारखेच नामाच्या मागे लागतात: ‘पुण्याला’तला ‘ला’ म्हणजे ‘नि’, ‘बसने’तला ‘ने’ म्हणजे ‘दे’, ‘मुंबईहून’मधला ‘हून’ म्हणजे ‘कारा’. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी ‘का’ लावायचा. खरंच, ‘का’च. ‘ताबेमासु का?’, ‘खाणार का?’ हा निव्वळ योगायोग आहे, पण फुकट मिळालाय तर घ्या. ‘सामुइ देसु ने’ म्हणजे ‘थंडी आहे ना’. ‘मो’ म्हणजे ‘ही’ किंवा ‘पण’, ‘वाताशी मो’ म्हणजे ‘मी पण’.

आता खरी गंमत. क्रियापदाचं ‘ते’ रूप प्रत्येक पुस्तकात एक भयंकर प्रकरण म्हणून येतं. इंग्रजीत त्याला नीट प्रतिशब्द नाही, म्हणून चार पानं स्पष्टीकरण असतं. मराठीत ते एका प्रत्ययात आहे: ‘ऊन’. ‘उठून, तोंड धुऊन, चहा पिऊन कामाला गेलो’ हे वाक्य जपानीत ‘ओकिते, काओ ओ आरात्ते, ओचा ओ नोन्दे, शिगोतो नि इकिमाशिता’ असं होतं. एकास एक.

आणि त्या ‘ऊन’च्या पुढे आपण जी सहायक क्रियापदं लावतो, तीच जपानी लोक लावतात. ‘शिते मिरु’: ‘करून बघणं’, आणि ‘मिरु’चा अर्थ खरोखरच ‘बघणं’. ‘शिते ओकु’: ‘करून ठेवणं’, ‘ओकु’ म्हणजे ‘ठेवणं’. ‘शिते शिमाउ’: ‘करून टाकणं’, किंवा कधी ‘करून बसणं’, ज्यात पश्चात्तापाची छटाही आहे. ‘मोत्ते कुरु’: ‘घेऊन येणं’. ‘मोत्ते इकु’: ‘घेऊन जाणं’. पाहुणे यायच्या आत ‘भाजी चिरून ठेव’ यात जो पुढचा विचार आहे तो इंग्रजीत सांगायला एक अख्खं उपवाक्य लागतं. जपानीत आणि मराठीत एक शब्द.

संबंधी वाक्यांचंही तसंच. ‘जो-तो’ची रचना विसरा आणि ‘-लेला’, ‘-णारा’ धरा. ‘मी काल घेतलेलं पुस्तक’ म्हणजे ‘वाताशी गा किनो कात्ता होन’. क्रम तसाच, मध्ये काहीही घालायचं नाही.

माझा सल्ला असा की प्रत्येक धड्यातली दहा वाक्यं आधी चांगल्या, घरगुती मराठीत लिहा. पुस्तकी मराठी नको, आईशी फोनवर बोलता तशी. मग त्यांचं जपानी करा. इंग्रजी मध्ये येऊ देऊ नका.

मराठी फसवते तिथेही सांगते. आपलं ‘आहे’ सगळ्यांना चालतं. जपानीत माणूस-प्राणी असेल तर ‘इमासु’, वस्तू असेल तर ‘आरिमासु’. ‘दिलं’ या एका शब्दाची तिथे दोन क्रियापदं होतात: मी कुणाला दिलं तर ‘आगेरु’, कुणी मला दिलं तर ‘कुरेरु’. आणि ‘आनाता’ म्हणजे ‘तुम्ही’ असं पुस्तकात असलं तरी समोरच्याला ‘आनाता’ म्हणू नका. त्याचं आडनाव घ्या आणि ‘सान’ लावा. हे पहिल्याच महिन्यात अंगवळणी पडलं नाही तर नंतर जात नाही.

कांजी: हात आणि हस्त

रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या कांजी २१३६ आहेत. आकडा ऐकून घाबरू नका, एन५ला शंभरेक आणि एन४ला तीनशेच्या आसपास पुरतात.

एकाच कांजीचे दोन-तीन उच्चार असतात यावरून लोक रडकुंडीला येतात. पण आपणही तेच करतो. सुटा शब्द ‘पाणी’, जोडशब्दात ‘जल’: जलविद्युत, जलवाहिनी. सुटा ‘हात’, जोडशब्दात ‘हस्त’: हस्ताक्षर, हस्तांतर. जपानीत पाण्याची कांजी सुटी असेल तर ‘मिझु’, जोडशब्दात ‘सुइ’. ‘मिझु’ देशी, ‘सुइ’ चिनीतून आलेला. आपल्याकडच्या तद्भव-तत्सम जोड्यांसारखंच.

पहिल्या सात कांजी वारांच्या घ्या. रविवार सूर्याचा, सोमवार चंद्राचा, मंगळवारची कांजी आगीची आणि मंगळ ग्रहाचं नावही ‘आगीचा तारा’. बुधवार पाण्याचा, गुरुवार झाडाचा, शुक्रवार सोन्याचा, शनिवार मातीचा, आणि त्याच कांजींवरून त्या त्या ग्रहांची नावं. क्रम आपल्या वारांचाच. एका संध्याकाळी सात कांजी आणि पाच ग्रह होतात. मग झाडाशेजारी झाड काढलं की वनराई, तीन झाडं काढली की दाट जंगल, आणि झाडाला टेकलेला माणूस काढला की ‘विश्रांती’.

रोज पाच नव्या, आणि मागच्या सगळ्यांची उजळणी अंकीसारख्या कार्डांच्या ॲपवर. हाताने लिहायच्या का? परीक्षेत लिहावं लागत नाही, तरी पहिल्या तीनशे लिहा. त्यानंतर माझ्या मते वेळ वाचनाला द्यावा. माझे सेन्सेई, म्हणजे शिक्षक, याच्याशी मुळीच सहमत नाहीत.

आकडे: इथे सगळे घसरतात

वेगळी पायरी म्हणून सांगते, कारण कामाच्या ठिकाणी सर्वांत महागात पडणारी चूक ही आहे. आपण हजारानंतर लाख मोजतो, जपानी माणूस दहा हजाराचा ‘मान’ मोजतो. १ लाख म्हणजे ‘जू मान’, १० लाख म्हणजे ‘ह्याकु मान’, १ कोटी म्हणजे ‘इस्सेन मान’, आणि १० कोटींना ‘इचि ओकु’. २५ लाख येन पगार असेल तर ‘नि ह्याकु गो जू मान’. यातही इंग्रजीचे मिलियन मध्ये आणले की तीन पद्धतींची खिचडी होते. एक सोपी युक्ती: लाखांच्या आकड्याला दहाने गुणा, ‘मान’ मिळतात. रोज पेपरात दिसणारे पाच आकडे, अर्थसंकल्पाचे असोत की फ्लॅटच्या किमतीचे, मोठ्यानं जपानीत म्हणा.

वस्तू मोजायचे वेगवेगळे शब्द (लांब वस्तूंना ‘होन’, चपट्यांना ‘माइ’, पुस्तकांना ‘सात्सु’) पाहून कटकट वाटेल. मेथीची जुडी आणि लसणाचा गड्डा म्हणणाऱ्यांनी तक्रार करू नये. आणि ‘एक माणूस, दोन माणसं’ऐवजी ‘हितोरी, फुतारी’ येतात, तेव्हा आपले दोघं-तिघं आठवा.

कान आणि तोंड

जेएलपीटीत बोलण्याची परीक्षा नाही, लिहिण्याचीही नाही. सगळे पर्यायी प्रश्न. त्यामुळे एन३ पास झालेला, पण फोन आला की शेजाऱ्याच्या हातात देणारा विद्यार्थी ही पुण्यातली नेहमीची गोष्ट आहे.

यावर मला उपयोगी पडलेला उपाय एकच: एक मिनिटाचा ध्वनी घ्यायचा, एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, त्याच चढ-उतारात म्हणायचं, स्वतःचं रेकॉर्ड करून परत ऐकायचं. एक मिनिटाला वीस मिनिटं लागतात. दिवसाला एकच मिनिट करा, पण रोज. जपान फाउंडेशनचं ‘मिनातो’ हे ऑनलाइन शिक्षणाचं स्थळ आहे, नोंदणी मोफत. तिथे भरपूर सामग्री मिळते.

ॲनिमे बघा, जरूर बघा. फक्त त्यातलं ‘ओरे’, ‘ओमाए’ (रांगडं ‘मी’ आणि ‘तू’) ऑफिसात तोंडातून निघू देऊ नका. ‘काय रे ए’ म्हणत क्लायंटला हाक मारण्यातला प्रकार आहे तो.

क्लास, फॉर्म आणि वेळापत्रक

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीचे पदवी अभ्यासक्रम आहेत, आणि खासगी क्लास गल्लोगल्ली. निवडताना एक तास बसून बघा. त्या तासात विद्यार्थी किती मिनिटं बोलले ते घड्याळ लावून मोजा. सेन्सेईच बोलत असतील तर घरी व्हिडिओ बघितलेला बरा.

नोकरी करणाऱ्याने सकाळी एक तास (कांजी आणि व्याकरण, डोकं ताजं असताना), प्रवासात अर्धा तास कान, रात्री दीड तास क्लास किंवा वाक्यं. रविवारी जुना पेपर. यापेक्षा जास्त आखलं की दुसऱ्या आठवड्यात कोलमडतं.

जुलैच्या परीक्षेचे फॉर्म साधारण मार्चच्या सुमाराला निघतात, डिसेंबरचे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. जागा लवकर भरतात, म्हणून फोटो, ओळखपत्र, पैसे तयार ठेवा. पास व्हायला १८० पैकी एन५ला ८०, एन४ला ९०, एन३ला ९५, एन२ला ९० आणि एन१ला १०० गुण लागतात, पण प्रत्येक विभागात किमान गुणांची अटही आहे. एन३पासून वर प्रत्येक विभागात ६० पैकी १९ हवेत. एकूण १२० मिळवूनही ऐकण्यात १८ पडल्यामुळे नापास झालेली मुलं मी पाहिली आहेत. ऐकण्याला ‘चोकाइ’ म्हणतात आणि बहुतेकांचा घात तिथेच होतो.

जपानला जाऊनच शिकायचं असेल तर भाषाशाळांचे मोठे प्रवेश एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये असतात. आधी शाळेमार्फत पात्रता प्रमाणपत्र, मग व्हिसा, म्हणजे सात-आठ महिने आधी हालचाल हवी. विद्यार्थी व्हिसावर परवानगी घेऊन आठवड्याला २८ तास काम करता येतं. त्या २८ तासांच्या कमाईत फी आणि राहणं दोन्ही भागेल असं कुणी एजंट म्हणत असेल तर दुसरा एजंट शोधा.

कामाची जपानी

मी दुभाषी म्हणून नवी होते तेव्हाची एक बैठक. आमच्या बाजूने विचारलं गेलं की माल दोन आठवडे आधी मिळेल का. समोरच्या जपानी गृहस्थांनी दातांतून हवा आत ओढली, ‘सूऽऽ’ असा आवाज आला, मान थोडी तिरकी झाली, आणि ते म्हणाले, “सोरे वा चोत्तो… मुझुकाशी देसु ने.” बैठक इंग्रजीत चालली होती, मी चोख भाषांतर केलं: ‘इट इज अ लिटल डिफिकल्ट.’ आमच्या साहेबांनी वहीत लिहिलं, ‘थोडं अवघड, पण शक्य.’ तीन आठवड्यांनी मालाची वाट बघणं सुरू झालं, आणि मग माझी शोभा झाली.

त्या खोलीत आमच्या बाजूचे सगळे मराठी होते. मी जर नुसतं म्हटलं असतं, “ते जरा अवघडच आहे हो,” तर एकालाही समजावून सांगायची गरज पडली नसती. ‘अवघड आहे’ म्हणजे काय, ‘बघू या’ म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला हवं का? जपानी माणूस ‘केन्तो शिमासु’, म्हणजे विचार करतो, म्हणाला की लग्नाच्या स्थळाला ‘कळवतो’ म्हणणारे काका आठवावेत. त्या दिवसापासून मी आधी मनात मराठी करते आणि मग गरज असेल तर इंग्रजी.

आदरार्थी भाषेत मात्र आपली सवय आड येते. आपण साहेबांना सगळीकडे साहेबच म्हणतो. बाहेरचा फोन आला तरी ‘देशपांडे साहेब बाहेर गेलेत’. जपानीत बाहेरच्याशी बोलताना आपल्या कंपनीतला माणूस ‘आतला’ होतो, म्हणून त्याचा मान उतरवायचा: ‘देशपांडे वा देकाकेते ओरिमासु.’ ‘सान’सुद्धा नाही. साहेब शेजारी उभे असताना हे म्हणायला पहिल्यांदा जीभ रेटत नाही. दहा वेळा आरशासमोर म्हणा.

कारखान्यात जाणार असाल तर पुस्तकात नसलेले शब्द वेगळ्या वहीत हवेत: ‘झुमेन’ म्हणजे ड्रॉइंग, ‘नोकी’ म्हणजे माल द्यायची तारीख, ‘मित्सुमोरी’ म्हणजे कोटेशन, ‘फुर्यो’ म्हणजे दोष, ‘किझु’ म्हणजे ओरखडा, ‘बारी’ म्हणजे धातूच्या कडेला राहिलेली बर. पहिल्याच दिवशी कानावर पडेल ‘होरेन्सो’. तसा हा शब्द म्हणजे पालक, भाजीतला. इथे तो ‘होकोकु, रेनराकु, सोदान’ म्हणजे अहवाल, कळवणं, सल्ला या तिघांची आद्याक्षरं जोडून होतो. काम अर्धवट असलं तरी मध्येच कळवत राहायचं, ही अपेक्षा. ‘सगळं झालं की सांगू’ ही आपली पद्धत तिथे बेजबाबदारपणा ठरते. दुसरा शब्द ‘नेमावाशी’: झाड हलवण्याआधी मुळांभोवती हळूहळू खणून घेणं. बैठकीआधी एकेकाला भेटून मत जमवणं म्हणजे नेमावाशी. ग्रामपंचायतीचं राजकारण पाहिलेल्याला हे अवघड जाऊ नये.

ईमेलची पहिली ओळ एकच पाठ करा: ‘इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमासु.’ नेहमी आपलं साहाय्य होतं, अशा अर्थाची. ‘श्री. रा. रा., स. न. वि. वि.’ गेलं त्याला किती वर्षं झाली. त्यांचं अजून चालू आहे.

ऑफिसबाहेर

भाषा कामापुरती ठेवली तर एन३ला कंटाळा येतो, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलंय. म्हणून एक काहीतरी आवडीचं धरा. कविता आवडत असेल तर हायकू. शिरीष पैंनी तो मराठीत रुजवल्यामुळे आपल्याला पाच-सात-पाचचा खेळ परका नाही. आता मूळ भाषेत मात्रा मोजून वाचा. बागा आवडत असतील तर सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून घेतलेलं आहे, तिथे जाऊन दगड, पाणी, पूल, दिवा यांची नावं जपानीत शोधा.

शाकाहारी असाल तर एक वाक्य पोटासाठी शिका: ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’, मांस-मासे खात नाही. पण तेवढ्याने भागत नाही, कारण सूप आणि आमटीसारख्या पदार्थांच्या बुडाशी असतं ‘दाशी’, आणि ते बहुधा सुक्या माशाचं. म्हणून ‘दाशी मो’ जोडा. कोयासान या बौद्ध तीर्थक्षेत्राच्या मठांत पूर्ण शाकाहारी ‘शोजिन र्योरी’ मिळते. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला, तोही बघून या.

तोक्योत मराठी बोलावंसं वाटलं तर एदोगावा वॉर्डातलं निशी-कासाई गाठा. भारतीयांची मोठी वस्ती आहे, आणि २०१९ मध्ये त्या वॉर्डाच्या सभागृहावर योगेंद्र पुराणिक निवडून आले होते. गणपतीत तिथे गेलात तर महिनाभराचं जपानी विसराल, तेवढी सुट्टी घ्यायला हरकत नाही.

आणि आपलाच गणपती जपानी रूपात बघायचा असेल तर तोक्योतच आसाकुसाजवळ मात्सुचियामा नावाच्या टेकाडावरचं देऊळ आहे. तिथे त्याचं नाव ‘कांगितेन’. मूर्ती दाखवत नाहीत. नैवेद्य पांढऱ्या मुळ्याचा असतो. जाताना काही न्यायला नको, मुळे देवळातच मिळतात. विकणाऱ्या आजींना फक्त सांगायचं, ‘इप्पोन कुदासाइ’, एक द्या. लांब वस्तूचा ‘होन’ एकाला ‘इप्पोन’ होतो.